न फळलेला नवस

परमेश्वर आहे असे आपण मानतो ते कशाच्या आधारावर? आईवडिलांनी सांगितले म्हणून, की स्वतःला कधी त्याचा अनुभव आला म्हणून? हा प्रश्न नवा नाही. शाब्बाथच्या जेवणानंतरच्या गप्पांत, मलिद्याच्या ताटाभोवती, दफनभूमीवरून परतताना आपल्या माणसांत तो कितीदा तरी निघाला आहे. आम्ही आज तो पुन्हा काढतो आहोत, कारण आमच्या घरी तो एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने विचारला, आणि "मोठी झालीस की कळेल" असे सांगून वेळ मारून नेण्यासारखा तो नव्हता.

आधी आमच्याविषयी दोन शब्द. आम्ही उभयता ठाण्याचे; वाडवडील अलिबागकडचे. १९९८ साली संयुक्त अरब अमिरातीत आलो. बिऱ्हाड शारजात आणि नोकरी दुबईत. आमचे निम्मे नातलग अश्दोदला आणि लोदला, उरलेले ठाण्यात. आम्ही मधल्याच बंदरावर उतरलेले. इथे आम्हांला सगळे हिंदुस्थानी म्हणून, फार तर मराठी म्हणून ओळखत. शुक्रवारी संध्याकाळी घरात खोबरेल तेलाचा दिवा लागे. बाहेर कोणी विचारीत नसे आणि आम्हीही आपण होऊन सांगत नसू. आमच्या खाजगी कचेरीला सुटी फक्त शुक्रवारची. शनिवारी सकाळी पुन्हा बस पकडून कामावर. तरी दिवा कधी चुकला नाही.

एप्रिल २०२१ मध्ये हिंदुस्थानात साथीची दुसरी लाट आली, तेव्हा ठाण्यात आमच्या मातोश्रींना इस्पितळात ठेवावे लागले. २४ एप्रिलच्या रात्रीपासून हिंदुस्थानातून येणाऱ्या प्रवाशांना अमिरातीने दार बंद केले. म्हणजे जाता आले असते, पण परत कधी येता येईल याचा भरवसा नव्हता. आणि गेलो असतो तरी रोग्याजवळ कोणाला जाऊ देत नव्हते. तेव्हा आपल्या घरांत जे करतात तेच आम्ही केले. नवस बोललो. आई बऱ्या होऊन घरी आल्या, तर एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा करू आणि खंडाळ्याला जाऊन येऊ. बाराव्या दिवशी आई गेल्या. दफनाला चार-सहा नातलग होते. कद्दिश म्हणायला मिन्यान हवे, दहा पुरुष हवेत. शारजात ते कुठून आणायचे? ठाण्याचे सिनेगॉग पुन्हा उघडल्यावर तिथल्या भावंडांनी कद्दिश म्हटले आणि आम्ही इकडे फोन कानाला लावून "आमेन" म्हटले.

वर्ष भरत आले तेव्हा आम्ही मलिदा करायचे ठरवले. रोल्यातल्या दुकानातून पोहे आणले, खजूर तर इथे मुबलक. धाकटी मुलगी नारळ खवत होती. तिने हात थांबवून विचारले, "नवस आजी बरी व्हायचा होता ना? ती बरी झाली नाही. मग हा मलिदा कसला? आणि बाबा, तुम्हांला कधी देव भेटलाय, की आजी म्हणायची म्हणून तुम्ही म्हणता?"

वाचकहो, यातला पहिला प्रश्न हिशोबाचा आहे आणि हिशोबाने पाहिले तर मुलीचे बरोबर होते. नवसाला अट असते. अट पुरी झाली नाही तर देणे लागत नाही. मग विश्वासही असाच अटीवर उभा असतो का, हे पाहणे आले.

अनुभवाच्या बाजूने आपल्या समाजात सर्वांत मोठी साक्ष आहे ती सामाजी हसाजी दिवेकरांची. कंपनी सरकारच्या पलटणीत ते अंमलदार होते. म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानच्या कैदेत पडले. सुटून घरी पोहोचलो तर परमेश्वरासाठी मंदिर बांधीन, असे ते बोलले, अशी परंपरा सांगते. टिपूच्या आईने 'बनी इस्राईल' हे नाव कुराणात असल्याचे सांगितले आणि त्यांचे प्राण वाचले, अशीही कथा आहे. सामाजी सुटले, मुंबईस आले आणि १७९६ साली त्यांनी मांडवीत आपले पहिले सिनेगॉग उभारले. 'शाआर हारहामीम', दयेचे द्वार, हे त्याचे नाव. ज्याला असे सोडवले गेले त्याला "तुम्ही का मानता?" असे विचारण्याचे धाडस कोण करील?

पण टिपूच्या कैदेतून न सुटलेलेही पुष्कळ होते. त्यांच्यातल्या प्रत्येकाने आपापल्या देवाला हाक मारली असेल, नवसही बोलले असतील. त्यांच्या नवसाचे मंदिर मांडवीत नाही. ज्याचा नवस फळतो त्याची गोष्ट उरते. ज्याचा फळत नाही त्याची गोष्ट त्याच्याबरोबर जाते. तेव्हा केवळ अनुभवाच्या गोष्टी गोळा करून परमेश्वर सिद्ध करायचा म्हटले, तर आपण अर्धीच वही वाचतो.

खंडाळ्याचे पाहा. अलिबाग तालुक्यातल्या त्या गावी खडकावर एलियाहू हनाबीच्या रथाच्या चाकांची आणि घोड्याच्या टापांची खूण आहे असे आपण मानतो. आता इस्राएलहून येणारे बांधवही तिथे आवर्जून जातात. एखादा भूगर्भाचा अभ्यासक तिथे उभा केला तर तो पाण्याने आणि उन्हाने झिजलेला खडक पाहील. दगड एकच. ज्याच्या कानावर लहानपणापासून एलियाहूचे नाव पडले आहे, त्यालाच तिथे चाक दिसते. म्हणजे अनुभवाला डोळे लागतात, आणि ते डोळे आपल्याला कोणीतरी आधी दिलेले असतात.

तोरा तर या बाबतीत फारच रोखठोक आहे. आपला बाप याकोब याने शिडीचे स्वप्न पाहिले, परमेश्वराचा शब्द ऐकला. तरी सकाळी उठून त्याने नवस केला तो अटीचाच. खायला भाकरी मिळाली, अंगाला वस्त्र मिळाले, सुखरूप घरी परतलो, तर तू माझा परमेश्वर. आणि मिसरमधून निघालेल्या पिढीने समुद्र दुभंगलेला डोळ्यांनी पाहिला. त्याहून मोठा अनुभव कोणता? तीच माणसे थोड्याच दिवसांत सोन्याच्या वासराभोवती नाचली. पाहिलेले फार दिवस पुरत नाही, हेच यातून दिसते.

याच्या उलट आपल्या वाडवडिलांकडे पाहा. नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांचा देव त्यांना कसा भेटला म्हणायचा? समुद्र त्यांच्यासाठी दुभंगला नाही. तो त्यांच्या माणसांना आणि ग्रंथांना गिळून गेला. पुढे शेकडो वर्षे त्यांच्याजवळ सेफेर तोरा नव्हता, हज्जान नव्हता, सिनेगॉग नव्हते. शेमाचा पहिला चरण, शाब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि काही सण-रोजे, एवढेच गाठीला होते. जन्म असो, लग्न असो, मृत्यू असो, तोच एक शेमा. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. बाजारपेठेचा दिवस असला तरी घाणा बंद. त्या तेल्याला एखाद्या शनिवारी कोणी विचारले असते, "तुला देवाने दर्शन दिले का रे?", तर तो काय म्हणाला असता? बहुधा, "आमच्यात शनिवारी घाणा फिरवत नाहीत," एवढेच.

दाविद राहाबीची कथाही आपणांस ठाऊक आहे. हे लोक खरोखर इस्राएलाचे आहेत का, हे पाहायला त्याने बायकांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. कारण विचारले असते तर त्यांना सांगता आले नसते. त्यांच्याजवळ ना अनुभवाची साक्ष होती, ना ग्रंथाचा आधार. जे होते ते हातात होते.

इथवर आलो तरी दुसऱ्या प्रश्नाला मुलीला द्यायला उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते निदान विचारायला जागा मिळाली ती पुढच्या वर्षी, अबू धाबीला. सादियात बेटावर अब्राहमिक फॅमिली हाऊस फेब्रुवारी २०२३ मध्ये उघडले. एका मशिदीची, एका चर्चची आणि एका सिनेगॉगची अशा तीन घनाकृती इमारती एका बागेभोवती उभ्या आहेत. तिन्हींची उंची सारखी. मशिदीचे तोंड मक्केकडे, चर्चचे पूर्वेकडे आणि सिनेगॉगचे यरुशलायीमकडे. आपले जुने लोक सिनेगॉगलाही 'मशीद'च म्हणत. इथे दोन्ही शेजारी पाहून त्या शब्दाची आठवण झाली. ज्या देशात आम्ही वीस-बावीस वर्षे दिवा आतल्या खोलीत लावला, तिथे हिब्रू अक्षरांची भिंत उघड्यावर उभी होती. मुलीने नाव वाचले, 'मोशे बेन मैमोन', आणि विचारले, हे कोण?

मोशे बेन मैमोन म्हणजे रंबाम. बाराव्या शतकातला आपला सर्वांत मोठा पंडित. कैरोत वैद्यकी करणारा, आणि आपला तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अरबी भाषेत, हिब्रू लिपीत लिहिणारा. परमेश्वर आहे हे नुसते मानू नये, ते बुद्धीने जाणावे, असे त्याचे शिकवणे. त्याच्या आधीच्या पिढीतला कवी येहूदा हालेवी याचे मत वेगळे होते. अख्ख्या राष्ट्राने सीनायपाशी उभे राहून जे ऐकले ते बापाने मुलाला सांगत आणले, हीच त्याच्या मते खरी खूण. म्हणजे हा वाद आमच्या घरातल्या खोबऱ्याच्या किसणीपाशी सुरू झाला नाही. मोठमोठ्यांत तो आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच होता.

पण आम्ही मुलीला रंबामविषयी जे सांगितले ते हे नव्हे. त्याचा धाकटा भाऊ दाविद व्यापारी होता. घरचा प्रपंच तोच चालवी म्हणून रंबामला अभ्यासाला सवड मिळे. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून दाविदने भावाला लिहिलेले एक पत्र कैरोच्या गेनिझात सापडले आणि ते आज केंब्रिजला आहे. वाळवंट पार करून आलो, आता हिंदुस्थानाकडे निघतो, काळजी करू नका, असा त्याचा आशय. दाविद हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याबरोबर घरचे आणि लोकांचे पैसे गेले. मागे बायको आणि लहान मुलगी राहिली. रंबाम जवळजवळ वर्षभर अंथरुणाला खिळला. आठ वर्षांनंतर लिहिलेल्या पत्रातही तो सांगतो की दुःख कमी झालेले नाही. त्यानेही प्रार्थना केलीच असेल. बुद्धीने परमेश्वर जाणणाऱ्यालाही त्या वर्षी बुद्धीने उठवले नाही. मग तो उठला, वैद्यकी करू लागला, ग्रंथ पुरे केले. कशाच्या बळावर, ते त्याने हिशोब मांडून दाखवलेले नाही.

आणि याच रंबामने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत दक्षिण फ्रान्समधल्या लुनेलच्या पंडितांना पत्र लिहिले. त्यात हिंदुस्थानातल्या यहुद्यांचा ओझरता उल्लेख आहे. त्यांना लेखी तोरा ठाऊक नाही. ते शाब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, धर्माचे एवढेच काय ते त्यांच्याजवळ आहे. हा उल्लेख आपल्याच लोकांचा, असे काही अभ्यासक मानतात. सिद्ध झालेले नाही. पण वर्णन आपल्याला चपखल लागते हे कोण नाकारील? पंडिताच्या नजरेने ते 'एवढेच' होते. त्या एवढ्यावरच आपण टिकलो. १९६०च्या दशकात इस्राएलात आपल्या लग्नांविषयी शंका काढल्या गेल्या, तेव्हा आपल्या बांधवांपाशी दाखवायला कागद नव्हते, पाळलेला शाब्बाथच होता. आणि १९६४ साली क्नेसेटला आपण सर्वार्थाने यहुदी आहोत असे जाहीर करावे लागले.

आता एक आक्षेप राहतो आणि तो आम्ही लपवणार नाही. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक मुसलमान कुटुंब आहे, खाली केरळातली एक ख्रिस्ती परिचारिका. त्यांनाही आईबापांनीच दिले आहे, त्यांनाही अनुभव आहेत. रत्नागिरीकर शेजाऱ्यांना आम्ही एकदा विचारले, रोज पाच वेळा मन लागते का? ते म्हणाले, "मन लागतं तेव्हा लागतं. वेळ मात्र रोज होते." सादियातच्या बागेत तीन इमारती तीन दिशांना तोंड करून उभ्या आहेत, आणि कोणाच्या अनुभवाने कोणाची दिशा बदललेली नाही. यातले खरे कोणते, हे अनुभवाच्या मापाने ठरणार नाही. नुसत्या वडिलोपार्जित श्रद्धेनेही ठरणार नाही. आम्हांला ते सुटलेले नाही. एवढे मात्र दिसते की ज्याला आपली वेळ पाळायची सवय आहे, तो दुसऱ्याच्या वेळेचा मान राखतो. आमच्या मुलीचा शुक्रवारचा दिवा ठाऊक झाल्यापासून शेजारच्या काकू त्या संध्याकाळी तिच्यासाठी काही पाठवतात, तर विचारून, बिनमांसाचे पाठवतात.

मग मलिदा का केला? मुलीला आम्ही असे सांगितले. नवस हे देवाला दिलेले बिल नव्हे. त्या बारा दिवसांत आम्हांला आईसाठी हातांनी करण्यासारखे काही उरले नव्हते. जे वाडवडिलांनी शिकवले होते तेवढेच हाती होते. ते आम्ही केले. आई वाचल्या नाहीत. पण ज्या आईने आम्हांला पोहे कसे भिजवायचे, खोबरे किती घालायचे, एलियाहूचे नाव कसे घ्यायचे ते शिकवले, तिच्या वर्षाला ते ताट न मांडणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा घालवणे. आणि देव भेटला का, या प्रश्नाला उत्तर असे की, भेटला असे आम्ही छातीठोक म्हणू शकत नाही. फोनवर आमेन म्हणताना काही जाणवले खरे. ते परमेश्वराचे होते की आपल्या दहा माणसांच्या आवाजाचे, हे आम्हांला वेगळे करता येत नाही.

मुलीने त्यावर वाद घातला नाही आणि मान्यही केले नाही. "म्हणजे तुम्हांलाही नक्की नाही," असे म्हणाली आणि नारळ खवून संपवला. आता ती शिकायला पुण्याला आहे. ती देव मानते की नाही, हे आम्ही तिला विचारत नाही. मलिद्याचे प्रमाण तिने जाताना वहीत उतरवून घेतले, ते आम्ही पाहिले.

१ जानेवारी २०२२ पासून अमिरातीत सरकारी सुटी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी दुपारीच कामकाज संपू लागले. आमच्या कचेरीनेही तेच धरले. इतकी वर्षे जो वार आम्हांला मिळत नव्हता तो एका परिपत्रकाने मिळाला. कोणी याला परमेश्वराची करणी म्हणेल, कोणी परदेशी बाजारांशी जुळवून घेण्याची सोय म्हणेल. आम्ही बेराखा म्हणून गप्प बसलो. पण इतके कळते की दिवा तोवर लागत राहिला नसता, तर ती शनिवारची सुटी आम्हांला नुसती सुटीच वाटली असती.

आमच्या मते मुलांना दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात. वाडवडिलांकडून काय आले, ही एक. आपल्या स्वतःवर काय गुदरले, ही दुसरी. पहिलीला दुसरीचे रूप देऊन मुलांना फसवू नये. ती हुशार असतात, त्यांना कळते. आणि दुसरी हाती लागली नाही म्हणून पहिली टाकून देऊ नये. अनुभव येईल तेव्हा येईल, कोणाला येणारही नाही. आला तर ओळखण्यापुरते शब्द आणि ठेवण्यापुरती जागा घरात असावी, इतके आपल्या हाती आहे.

शेवटी वाचकांना एक विनंती. फळलेल्या नवसांचे मलिदे आपण गाजवतो, त्यांच्या हकिगती या पानांवर येतात, याचा आनंदच आहे. पण अश्दोदला, लोदला, दिमोनाला, ठाण्याला, प्रत्येक घरात एखादा न फळलेला नवसही असेल, आणि त्यानंतरही शुक्रवारी दिवा लागला असेल. त्यांच्याविषयीही कोणीतरी लिहावे. आम्ही आमचा लिहिला.

सर्वांस शालोम.